लिंबाच्या पलीकडून शिकवलेली भाकरी

"पलट. अरे पलट म्हनते ना, जळून राह्यली. पलट की रे परदेसी, हाताला काय मेंदी लावली का तुझ्या?"

खाला, तू ओरडत होतीस आणि मी तव्याकडे असा बघत होतो, जणू त्यावर नाग वेटोळं घालून बसलाय. अंगणाच्या मधोमध कडुलिंबाचं झाड. झाडाच्या पलीकडे तू, हातात तुझ्या नवऱ्याच्या शिवणाच्या दुकानातला कापड मोजायचा लोखंडी गज. अलीकडे मी, दगडांची चूल आणि तिच्यावर माझ्या आयुष्यातली पहिली भाकरी. मी ती उलटायला गेलो. अर्धी हातात आली, अर्धी तव्यालाच चिकटून राहिली. हातात आली ती इतकी चटका देणारी की मी ती भिरकावली, ती थेट लिंबाच्या फांदीवर. तिथं एक कावळा बसला होता. त्यानं ती चोचीत धरली, थोडा विचार केला आणि खाली टाकून दिली. ही गोष्ट मी जन्मभर सांगत आलो आणि तू दर वेळी मधेच तोडून म्हणत आलीस, "कावळा बिवळा काई नव्हता."

होता. आता तू नाहीस, तेव्हा होता.

तुझ्या लेकीनं, रजियानं कळवलं की दुपारी जेवलीस, हात धुतलेस, बाजेवर आडवी झालीस आणि उठलीच नाहीस. तिला वाटत होतं, हे ऐकून म्हातारा कोसळेल. मी विचारलं, जेवली काय होती? ती म्हणाली, भाकरी आणि चुक्याची भाजी. भाकरी कशी झाली होती? "नानामामू, हे काय विचारायचं झालं?" म्हणून ती रडायला लागली. पण मला ते कळायला हवं होतं. तू कच्ची भाकरी खाऊन गेलेली मला चालली नसती. शेवटी रजिया म्हणाली, चांगली फुगली होती. मग मीही थोडा रडलो.

आजच्या पोरांना बार्शीहून नांदेडला जाणं म्हणजे एक एसटी आणि दोन डुलक्या. आपल्या वेळी तो परदेश होता. आमची बार्शी इंग्रजांची, तुमचं नांदेड निजामाचं. मधे हद्द, हद्दीवर जकातीचा नाका, पलीकडे नाणं निराळं, पाट्या उजवीकडून वाचायच्या. माझा फाल्गुन चालू होता आणि तुमच्या भिंतीवर अर्दीबेहिश्त नावाचा महिना टांगलेला होता. तो उच्चारताना मला ठसकाच लागायचा. बार्शीहून लातूरपर्यंत ती छोटी गाडी. ती इतकी सावकाश चालायची की वाटेत एक म्हैस आमच्या पुढं गेली आणि आम्ही लातूरला उतरलो तेव्हा ती तिथं निवांत रवंथ करत बसली होती. नाक्यावरच्या शिपायानं माझी ट्रंक उपसली. त्यात सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं पितळी अंगुस्तान सापडलं. ते त्यानं उजेडात धरून बघितलं, कानाला लावून बघितलं आणि हे कुठल्या बंदुकीचं टोपण म्हणून मला अर्धा दिवस बसवून ठेवलं. तू म्हणायचीस अर्धा दिवस नव्हे, दोन घटका. लातुराहून सर्व्हिस मोटारीनं नांदेड. तुझ्या दारात उतरलो तेव्हा माझ्या अंगावर इतकी धूळ होती की तू मला भिकारी समजून आधी पीठ आणलंस.

मी आलो होतो शेरवानी शिकायला. बार्शीत आम्ही शिंपी लोक बंडी शिवायचो, बाराबंदी शिवायचो, फार तर कोट. निजामाच्या मुलखात कचेरीत पाऊल टाकायचं तर शेरवानी पाहिजे, आणि शेरवानी म्हणजे तिचा गळा. तो मानेभोवती ताठ उभा राहिला पाहिजे आणि मान मात्र मोकळी फिरली पाहिजे. करीमउस्ताद, म्हणजे तुझे मालक, एकदा अस्तराचं कापड घ्यायला बार्शीला आले होते. माझ्या वडिलांनी भर बाजारात त्या अनोळखी माणसाला थांबवलं आणि गळा बघायला त्याला भोवऱ्यासारखा गरागरा फिरवला. उस्तादही असे की काही न बोलता फिरले. त्यातून ओळख झाली. ओळखीतून ठरलं की मला नांदेडला धाडायचं. बाबांच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यांची अट एकच: शिवण त्यांची, चूल आपली. तुमच्या घरी राहायचं, तुमच्या दुकानात शिकायचं, पण तुमच्या चुलीवरचं काही तोंडात घालायचं नाही. चूल मोडली की शिकणंही मोडलं, गाठोडं बांधायचं आणि बार्शीला येऊन जन्मभर बंड्या शिवायच्या.

उस्ताद म्हणाले, मंजूर. आणि दोघांनीही एका गोष्टीचा विचार केला नाही, की मला साधं पाणी तापवता येत नव्हतं.

तेव्हा तू तह केलास. रोज सकाळी तू सुपात शिधा ठेवायचीस, ज्वारीचं पीठ, डाळ, मीठ-तिखट, कधी चुक्याची जुडी. सूप लिंबाच्या बुडाशी ठेवून तू मागं सरायचीस, मग मी पुढं होऊन ते उचलायचो. भांडी माझी, बार्शीहून आणलेली. पाणी मी आडावरून शेंदायचो. माझ्या भांड्याला तू कधी बोट लावलं नाहीस. एकदा माझी परात वाऱ्यानं घरंगळत तुझ्या बाजूला आली, तर तू पाय उचलून बाजेवर चढून बसलीस, जणू पूर आलाय.

पडदा मात्र तू माझ्यापासून केला नाहीस. पहिल्याच दिवशी मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणालीस, "येवढुसं लेकरू. याच्यासंग कसला पडदा?" मला चांगलं मिसरूड फुटलं होतं. मी फार दुखावलो.

मग सुरू झाली ती शाळा. शिकवणारी झाडाच्या पलीकडे, शिकणारा अलीकडे, आणि मधे गज. तू त्या गजानं हवेत दाखवायचीस, लाकूड मागं ओढ, पाणी फिरव, कडेनं दाब. तुझा आवाज गोदावरीच्या त्या काठावर धुणं धुणाऱ्या बायकांना ऐकू जायचा. गल्लीला माझ्या भाकरीचा नाद लागला. मी दुकानाच्या पायरीवर काजं करत बसलो की जाणारे-येणारे विचारायचे, "काय बार्शीवाले, आज पलटली का?" समोरच्या कासाराकडे तर म्हणे पैजा लागायच्या. हे मी वाढवून सांगतोय असं तुला वाटेल. थोडंसं.

उस्ताद एकदम उलटे. तुमच्या घरातला बोलण्याचा सगळा साठा अल्लानं तुझ्या स्वाधीन केला होता. उस्तादांनी मला काजं करायला बसवलं आणि काजंच करत ठेवलं. माझं काज ते बोटावर घेत, उसवत, चिंधी परत देत. ना राग, ना लोभ. मी आत येऊन तुझ्याकडे तक्रार केली तर म्हणालीस, "माझ्याशी निकाह लागला तवा पयल्या वर्सात चार शब्द बोलले. त्यातले दोन 'पानी दे'."

एक गोष्ट मात्र मी कुठं सांगत नाही, ती इथं सांगतो. सुरुवातीचे दिवस होते. सकाळी चुलीपुढं बसलो आणि आईची आठवण आली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. तू पलीकडून सूप घेऊन आलीस, थबकलीस. मी म्हणालो, धूर लई झालाय. तू म्हणालीस, "हाव, लई धूर हाय आज." सूप ठेवलंस आणि पाठ फिरवून उगीच लिंबाची पानं झाडत राहिलीस. चूल अजून पेटवलेली नव्हती.

त्या वर्षी लिंबाची पानगळ चांगली लांबली. वाऱ्याची झुळूक आली की माझ्या पिठात पानं, डाळीत पानं. तू म्हणायचीस, खा, रगत साफ होतं. मग कोवळी लाल पालवी आली, अंगणात तिचा कडवट गोड वास. हिमायतनगरकडून येणाऱ्या गाड्यांना पळसाच्या फुलांचे डहाळे बांधलेले असायचे. नदीच्या वाळवंटात टरबुजांच्या वाड्या लागल्या होत्या. टरबुजाला अडकाठी नव्हती. फळाला चूल लागत नाही, तेव्हा बाबांच्या अटीत टरबूज बसत नव्हतं. तू ते झाडाच्या बुडाशी गडगडत सोडायचीस, मी माझ्या विळीवर कापायचो आणि अर्धं परत गडगडत तुझ्याकडे. दुपारी दुकानाला झोप लागली की आपण दोन्ही बाजूंना बसून बिया थुंकत बोलायचो. उस्तादही येऊन बसायचे. बोलायचे नाहीत, पण बिया सगळ्यांत लांब त्यांच्याच जायच्या.

तू विचारायचीस, "तुमच्या बार्शीत गोरे ऱ्हातात म्हन?" मी सांगितलं, राहतात तर. आमच्याकडे भाडेकरूच गोरा साहेब आहे, भाड्याच्या बदल्यात आईला पापड लाटून देतो.

"हाव का," तू म्हणालीस. "मंग त्यानं तुला भाकरी काहून न्हाई शिकवली?"

तुझ्याइतकं चांगलं ऐकणारं आणि तुझ्याइतकं कमी विश्वास ठेवणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. बायको भेटली, ती विश्वासच ठेवायची. त्यात काय मजा.

पण तुझ्यापुढं जे खपलं नाही ते मी बार्शीला धाडलं. बाबांना कार्ड लिहिलं: मी सुखरूप आहे, आपल्या हातानं करून खातो, काल कटाची आमटी केली, परवा भरली वांगी, होळीला पुरणपोळी केली ती तर फारच तलम झाली. खरं म्हणजे होळीला मी गूळ-भाकरी खाल्ली होती आणि तीही कडेनं कच्ची. कार्ड पोचलं. बाबांनी ते वाचलं आणि ते सरळ विचार करणारे गृहस्थ. ज्या पोराला पाणी तापवता येत नाही, तो पुरणपोळी करतो? करत नाही. म्हणजे कुणीतरी करून घालतं. कोण घालतं, ते उघड होतं. भावकीतले लोक आधीच कुजबुजत होते. बाबांनी उलट टपाली कळवलं: येतो आहे. तुझ्या हातचं जेवेन.

कार्ड वाचून मी तुझ्याकडे बघितलं. माझी भाकरी तेव्हा जमत आली होती. पण ती माझ्या हातात नव्हती, तुझ्या ओरडण्यात होती. तू "पलट" म्हणालीस की माझा हात पलटायचा. तू गप्प असलीस की हातही गप्प.

मी म्हणालो, "खाला, तू त्या दिवशी हळूच सांग."

तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी तुला नाचायला सांगितलं. "तुझा बाप पराया मरद हाय. त्याच्यापुढं माझा आवाज बी यायचा न्हाई."

"मग माझं काय?"

"इतके दिस मी काय लिंबाला शिकवून राह्यले होते?"

मी रडकुंडीला आलो. मी सांगितलं, भाकरी करपली तर मी चाललो. बंड्या शिवीन. तू आत गेलीस आणि दाराला टाटाचा, म्हणजे गोणपाटाचा, पडदा लावून घेतलास. आदल्या दिवसापासूनच.

बाबा आले. अंगरखा, पागोटं, माळ. उस्तादांनी त्यांना दारापर्यंत जाऊन आणलं, माझ्या बाजूला स्वच्छ घोंगडी टाकून बसवलं आणि स्वतः लिंबाच्या पलीकडे बाजेवर बसले. दोन शिंपी एकमेकांचे कपडे बघत बसले. मी भाजी करून ठेवली होती, पीठ मळलं. बाबांची नजर माझ्या हातावर. भाकरी थापली, ती गोल झाली. तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. आणि मग माझं डोकं रिकामं झालं. पाणी वाळलंय का नाही, मला कळेना. कान पडद्याकडे. पडदा गप्प.

आणि आतून आवाज आला. खलबत्त्याचा, लोखंडावर लोखंड आपटल्याचा. टण्.

हात आपोआप गेला. भाकरी उलटली, खालून बदामी, एक डाग नाही. मी श्वास घेतला. आत शांत. मग टण टण टण टण अशी घाई सुरू झाली. मी लाकूड मागं ओढलं, जाळ कमी झाला, घाई थांबली. मग एक टण्, आणि मी भाकरी निखाऱ्याच्या अंगाला लावली. खाला, ती अशी फुगली, अशी फुगली की मी कडेनं धरली नसती तर उडून मोंढ्यापर्यंत गेली असती आणि आडत्यांनी तिचा लिलाव पुकारला असता.

बाबांनी पहिला घास घेतला. पडद्याकडे बघितलं नाही, पण विचारलं, "ह्यांच्यात आज काय कुटाकुटी हाय?"

मी तर तयारच असतो. म्हणालो, "लग्नाचा मसाला कुटतायत."

"कुनाचं लगीन?"

घरात लग्नाजोगतं कुणी नव्हतं. रजिया अजून नीट चालायचीसुद्धा नाही. मी म्हणालो, "उस्तादांच्या भाच्याचं."

बाबा उस्तादांकडे वळले. "कदी धरलंय मग?"

उस्तादांना भाचा आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. मग अतिशय शांतपणे, त्या महिन्यातलं त्यांचं सगळ्यांत लांब वाक्य बोलले. "लडकी मिलना बाकी है. हमारे यहां मसाला पैले कूट लेते."

बाबांनी मान हलवली, जणू हे बरोबरच आहे. आणि दुसरी भाकरी मागितली. टण्. तिसरी मागितली. टण्.

जेवण झाल्यावर बाबा उठले. चूल बघितली. भांडी बघितली. लिंबाभोवती एक फेरी मारली. माझ्या काजांची चिंधी मागून घेतली, उन्हात धरली, नखानं दोरा ओढून बघितला. एक शब्द नाही. आता तर दोन-दोन न बोलणारी माणसं. मग पागोटं डोक्यावर ठेवून म्हणाले, "चल मोटारीच्या अड्ड्यावर."

मला सोडायला चल म्हणतात की सोबत घेऊन जायला, ते कळेना. विचारायची हिंमत नव्हती. मी वळकटी बांधून खांद्यावर घेतली. निघताना पडद्याकडे बघितलं. टाट हललंसुद्धा नाही.

पुढचं तुला पाठ आहे. दिवे लागायच्या सुमाराला मी वळकटीसकट परत आलो. पडदा तोवर निघाला होता आणि तू दारात उभी होतीस, माझीच वाट बघत असल्यासारखी, पण दाखवत नसल्यासारखी. "काय म्हनले?" तू विचारलंस. मी म्हणालो, रडले. अड्ड्यावर ढसाढसा रडले. म्हणाले अशी भाकरी उभ्या जन्मात खाल्ली नाही, मोटारवाल्यालाही एक नेऊन दे. तू म्हणालीस, "हाव का." आणि मग, "वळकटी सोड. लोक बघून राह्यले."

मी तिथं राहिलो. शेरवानीचा गळा शिकलो. पुढं हद्द गेली, नाका गेला, जुनं नाणं गेलं, बाबांची अटही कधीतरी आपणहून विरली आणि तुझ्या हातचं मी इतकं जेवलो की त्याचा हिशेब वर कुणी ठेवत असेल तर त्याला वही पुरली नसेल. बार्शीत माझं दुकान झालं, त्यात शिवलेला पहिला गळा उस्तादांच्या मानेवर बसला. पोरांच्या लग्नात तू आलीस आणि आमच्या आचाऱ्याला पलीकडून ओरडून शिकवलंस. चांगलं झालं, खाला. फार चांगलं झालं. मी रडायला बसलो की मधेच हसू येतं, ते त्यामुळं.

एक भांडण तेवढं राहिलं. मी म्हणायचो, त्या दिवशी तू मला खलबत्त्यानं शिकवलंस. तू म्हणायचीस, छट्. "मी मसालाच कुटून राह्यले होते. भाकरी तूच केली, तुझ्या अकलेनं." मी म्हणायचो, लाकूड ओढलं की तू थांबलीस कशी? तर म्हणायचीस, "हात दुखला." म्हातारपणी तुला ऐकू कमी यायला लागलं, तरी हा विषय काढला की लगेच ऐकू यायचं. मागच्या खेपेला आलो तेव्हासुद्धा तू बाजेवर उठून बसलीस आणि म्हणालीस, "लोकांना सांगून राह्यला म्हन तू, खालानं शिकवलं म्हून. खोटं नको बोलत जाऊ. तुझा बाप माझ्या दारात बसला होता. मी कशाला तुला शिकवीन?"

मला उत्तर माहीत होतं. मी ते तुला दिलं नाही. इतकी वर्षं तो पडदा तू नीट धरून ठेवला होतास, तो मी कशाला हलवू. आता सांगतो, आणि यात एक अक्षर वाढवलेलं नाही.

अड्ड्यावर लातूरची मोटार उभी होती. मोटारवाल्यानं विचारलं, किती जण? बाबा म्हणाले, एक. मी वळकटी खांद्यावर घेऊन तसाच उभा. म्हणालो, "बाबा, म्हंजी मी ऱ्हाऊ?"

"काजं बरी हायेत. गळा शिकून ये."

माझी छाती एकदम फुगली. मला गप्प बसता येत नाही, हे तू जाणतेस. म्हणालो, "आन भाकरी? सगळी माझी मी केली. बघितली नव्हं तुमी?"

बाबा मोटारीत चढले, खिडकीशी बसले, पागोटं मांडीवर घेतलं.

"खलबत्ता रिकामा व्हता," म्हणाले.